गाडगेबाबांचा झाडू सर्वांना आठवतो, धर्मशाळेची किल्ली कुणाला आठवते?

दरवर्षी २३ फेब्रुवारीला गाडगेबाबांची जयंती येते आणि सरकारी कार्यालयांच्या आवारात हातात नवे कोरे झाडू घेतलेल्या साहेबांचे फोटो निघतात. २००० सालापासून महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवले. अमरावती विद्यापीठालाही त्यांचे नाव आहे. नाव दिले याबद्दल आमची तक्रार नाही. पण गाडगेबाबा म्हणजे केवळ झाडू, एवढीच ओळख पुढच्या पिढीच्या डोक्यात बसवली जात असेल तर त्याला आमचा विरोध आहे. ज्या माणसाने आपल्या वाणीच्या बळावर लोकांकडून लाखो रुपये उभे केले, त्यातून इमारती बांधल्या आणि त्यांतली एक इमारत १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, त्या माणसाच्या हातात फक्त झाडूच का दाखवला जातो? तीच किल्ली का दाखवली जात नाही?

हा प्रश्न आज विचारण्याचे कारण आहे. आपल्या चळवळीत आज अनेक तरुणांकडे स्वतःचे असे व्यासपीठ आहे. कुणी गायक आहे, कुणी वक्ता, कुणी लेखक, कुणाच्या शब्दाखातर हजार माणसे जमतात. कुणा विद्यार्थ्याची फी अडली, कुणाच्या घरी आजारपण आले, कुठे अत्याचारग्रस्त कुटुंबाला वकील द्यायचा असला की हे तरुण आवाहन करतात आणि लोक पैसे देतात. ही फार मोठी ताकद आहे. पण ताकद आली की तिचा हिशेब मागण्याचा अधिकारही समाजाला येतो. आपले नाव, आपली कला, आपली लोकप्रियता एखाद्या लोकहिताच्या कामामागे उभी करायची म्हणजे नेमके काय करायचे? दान कुठे हक्काच्या लढाईला बळ देते आणि कुठे तिच्या गळ्यात पट्टा बांधते? याचे उत्तर इतिहासात आहे. ते आपण तपासून घेतले पाहिजे.

व्यासपीठच नाकारले गेलेला समाज

आधी हे लक्षात घ्या की आपल्या समाजासाठी ‘व्यासपीठ’ ही सहज मिळालेली वस्तू नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. नावच सांगते की ज्यांना बोलू दिले गेले नाही त्यांचा हा नायक. त्याची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊ केले तरी छापली नाही. विकत मिळणारी जागासुद्धा अस्पृश्याला विकत मिळत नव्हती! त्या पत्राला छत्रपती शाहू महाराजांनी २५०० रुपयांची मदत केली. संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते, वैचारिक सूत्रे बाबासाहेबांकडे होती. महाराजांनी पैसे दिले, पण पत्रात काय छापावे हे ठरवण्याचा हक्क मागून घेतला नाही. देणारा राजा होता आणि घेणारा तेव्हा सिडनहॅम कॉलेजात शिकवणारा एक तरुण प्राध्यापक. तरीही लेखणी घेणाऱ्याच्याच हातात राहिली. ही पहिली खूण मनात ठेवा.

‘मूकनायक’ बंद पडले. ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. हे पत्र कसे चालले? बाबासाहेबांना अंकाचे चोवीस चोवीस रकाने एकट्याने लिहून काढावे लागत. मोबदला काही नव्हता. ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात त्यांनी अग्रलेखातून समाजालाच विचारले की बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय? ‘ऋण’ हा शब्द नीट वाचा. बाबासाहेब तिथे दया मागत नाहीत, भीक मागत नाहीत. समाजासाठी एक माणूस रात्रंदिवस झिजतो, तेव्हा त्या कामाचे देणे समाजाच्या अंगावर चढते आणि ते फेडणे हे समाजाचे कर्तव्य ठरते, असा तो हिशेब आहे. वर्गणीदार कमी होते, पैसे वेळेवर येत नव्हते आणि १९२९ च्या नोव्हेंबरात ते पत्र थांबले. पण मागण्याची रीत त्यांनी तेव्हाच घालून दिली. आपल्या कामासाठी आपल्याच लोकांपुढे मान ताठ ठेवून उभे राहायचे आणि हिशेबाच्या भाषेत बोलायचे.

ही रीत आकाशातून पडलेली नव्हती. १८७६–७७ च्या भीषण दुष्काळात जोतीराव आणि सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालवले. सावित्रीमाई त्या दिवसांत ओतूर, जुन्नरच्या भागात दुष्काळाच्या कामात होत्या आणि तिथून जोतीरावांना पत्राने परिस्थिती कळवत होत्या. पुढे ‘दीनबंधु’ चालवणाऱ्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी आपले पत्र आणि आपली संघटना गिरणी कामगारांमागे उभी केली. १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्या लढ्यातून. हेच लोखंडे मुंबईच्या प्लेगमध्ये रुग्णांसाठी राबले आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगनेच गेले. त्यानंतर महिनाभरात, १० मार्चला, पुण्यात रुग्णसेवा करताना सावित्रीमाई गेल्या. आमच्या परंपरेत लोकसेवेसाठी व्यासपीठ वापरणारे लोक व्यासपीठावर बसून राहिले नाहीत, हे यावरून दिसते.

बडोद्याची खोली आणि पंढरपूरचे छप्पर

आता दानाची दुसरी बाजू पाहू. सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. तिचे मोल कुणी नाकारू शकत नाही. तिच्यामुळे १९१३ साली एक अस्पृश्य तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. पण १९१७ साली हाच तरुण करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला आला, तेव्हा त्याला राहायला जागा मिळाली नाही. ओळख लपवून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले. ओळख उघडी पडली आणि लाठ्या घेतलेल्या जमावाने त्याला बाहेर काढले. महाराजांच्या खजिन्यातून शिष्यवृत्ती निघू शकली, पण महाराजांच्याच राजधानीत त्या विद्वानाला एक खोली निघाली नाही! दान एका माणसाला वर उचलू शकते. त्याच्या भोवतीची व्यवस्था जशीच्या तशी राहिली, तर उचललेला माणूस पुन्हा रस्त्यावर येतो. बाबासाहेबांनी हे पुस्तकात वाचले नव्हते, ते त्यांनी भोगले होते.

त्याच सुमारास तिकडे पंढरपुरात वेगळे काही घडत होते. आषाढी-कार्तिकीला महार, मांग, चांभार वारकरी पायी चालत पंढरपूरला जात. देवळात प्रवेश नाही. चोखोबांची समाधी पायरीपाशी, तिथूनच कळसाला हात जोडायचे. बडवे दर्शन देत नव्हते, पण प्रश्न दर्शनापुरता नव्हता. रात्री झोपायचे कुठे? गावातल्या धर्मशाळा जातींच्या होत्या आणि अस्पृश्याला तिथे थारा नव्हता. भर पावसात वाळवंटात, उघड्यावर, कॉलऱ्याच्या साथीत लोक पडून राहत. अशा वेळी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परीट कुटुंबात १८७६ साली जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकर नावाच्या माणसाने त्यांच्यासाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली.

हा माणूस म्हणजे गाडगेबाबा. १९०५ साली घर सोडून बाहेर पडलेला. अंगावर ठिगळांचे कपडे, हातात झाडू, सोबत मडक्याचे गाडगे. शाळेचे तोंड न पाहिलेला. मालमत्ता शून्य. पण त्याच्याकडे एक गोष्ट होती, ती म्हणजे कीर्तन.

कीर्तन हे भांडवल

गाडगेबाबांचे कीर्तन हे काय प्रकरण होते ते समजून घेतले पाहिजे. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाची डोकी झाडायची, असा त्यांचा क्रम. कीर्तन पोथीतले नसे. ते प्रश्न विचारत आणि लोकांकडून उत्तरे वदवून घेत. वऱ्हाडी बोलीत, हसवत, चिमटे काढत ते माणसाला त्याच्याच तोंडून त्याची चूक कबूल करायला लावत. देवाला बकरे कापू नका, कर्ज काढून लग्न करू नका, दारू पिऊ नका, शिवाशिव पाळू नका, पोराला शाळेत घाला. घरातली भांडी विकावी लागली तरी विका, पण मूल शिकवा, हा त्यांचा धोशा. कीर्तनाची परंपरा मोठी, पण तिचे बहुतेक फड पुराणे सांगण्यात आणि दक्षिणा घेण्यात रमलेले. गाडगेबाबांनी तेच माध्यम उचलले आणि त्याचे तोंड फिरवले.

आणि मग ते पैसे मागत. इथे कुणी गोंधळ करू नये. गाडगेबाबा संकोचाने मागणारे नव्हते. शेठ-सावकार, व्यापारी, अधिकारी यांच्यापुढे ते उघड मागत, भर कीर्तनात मागत. आपली सारी लोकप्रियता त्यांनी मागण्याच्या कामाला जुंपली. त्यातून पंढरपूर, नाशिक अशा यात्रेच्या ठिकाणी धर्मशाळा झाल्या. मुंबईत इस्पितळात उपचारासाठी येणाऱ्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाल्या. दादरच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसे राहतात. सदावर्ते, घाट, शाळा, वसतिगृहे उभी राहिली. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेमागेही ते उभे राहिले. कराडला १९५४ साली निघालेल्या कॉलेजला त्यांचे नाव आहे.

यातली एकही इमारत गाडगेबाबांच्या मालकीची नव्हती. त्यांनी स्वतः धर्मशाळेत मुक्काम थाटला नाही. आपल्या नातेवाइकांचा या संस्थांवर काडीचा हक्क राहणार नाही, अशी तजवीज त्यांनी केली. आपला कुणी शिष्य नाही, हे ते सांगत राहिले. शिष्य नाही म्हणजे गादी नाही. गादी नाही म्हणजे वारसाहक्काची भांडणे नाहीत. आपल्याकडे मठ कसे बनतात हे पाहिलेल्या माणसाला या वाक्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचे चरित्र लिहिले. ज्यांना बाबा केवळ देवभोळे वाटतात त्यांनी ते जरूर वाचावे.

१९४९: धर्मशाळेचे वसतिगृह

८ जुलै १९४५ ला बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. १९५० साली औरंगाबादला कॉलेज निघाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. या दोन्हींच्या मधल्या काळात, १९४९ साली, गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. आता तिथे विद्यार्थ्यांनी राहावे आणि शिकावे, हा हेतू.

या घटनेत काय काय सामावले आहे पाहा. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले झाले होते. म्हणजे धर्मशाळा ज्या अपमानातून जन्मली, त्यातला एक भाग कागदोपत्री संपला होता. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आता मंदिर खुले झाले, यात्रेकरू वाढतील, धर्मशाळा मोठी करू. गाडगेबाबांनी वेगळा विचार केला. देवाच्या दारात रात्र काढण्यासाठी बांधलेले छप्पर त्यांनी पोरांच्या अभ्यासासाठी देऊन टाकले. आणि ते दिले कुणाला? ज्याने १९३५ साली येवल्याला ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ अशी घोषणा केली होती त्या माणसाच्या संस्थेला! घेणारा विठ्ठलाचा भक्त नाही, आपल्या पंथाचा नाही, हे गाडगेबाबांना माहीत नव्हते काय? चांगले माहीत होते. पण इमारत ज्यांच्यासाठी उभी राहिली, त्यांच्या पुढच्या पिढीचे भले कोण करील, एवढाच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला.

इथे आमचे काही तरुण मित्र हमखास आक्षेप घेतात. ते म्हणतात, संतांचे काय कौतुक? बाबासाहेबांनीच ‘जातिसंहार’च्या वादात गांधींना उत्तर देताना बजावले की संतांनी जातिव्यवस्थेवर हल्ला चढवला नाही. माणूस देवापुढे समान, एवढेच ते सांगत राहिले. माणूस माणसापुढे समान, हे त्यांनी लावून धरले नाही. आक्षेप खरा आहे आणि आम्ही त्यातला एक शब्दही मागे घेऊ इच्छित नाही. पण याच बाबासाहेबांनी १९४८ साली आपला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ कुणाला अर्पण केला? नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला. बाबासाहेबांची चिकित्सा आणि बाबासाहेबांची कृतज्ञता एकाच वेळी नांदतात. आपल्यालाही हे जमले पाहिजे. चोखोबांच्या भक्तिमार्गाने जात मोडली नाही हे खरे. चोखोबांच्या नावाच्या इमारतीत आमची पोरे शिकावीत म्हणून ती आमच्या संस्थेला मिळाली, हेही खरे.

किल्ली ज्यांनी सोडली नाही

आता याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवू. १९३२ च्या पुणे करारानंतर ३० सप्टेंबरला मुंबईत अस्पृश्यता निवारणासाठी अखिल भारतीय संस्था निघाली, तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस ठक्कर. या संस्थेमागे त्या काळातले देशातले सर्वांत मोठे व्यक्तिगत व्यासपीठ उभे होते, ते म्हणजे गांधींचे. नोव्हेंबर १९३३ पासून जवळपास नऊ महिने त्यांनी सुमारे १२,५०० मैलांचा दौरा केला आणि आठ लाखांच्या आसपास रुपये जमवले. सनातन्यांनी त्यांना काळे झेंडे दाखवले, १९३४ च्या जूनमध्ये पुण्यात बाँबही टाकला गेला. दौरा कष्टाचा होता, धोक्याचा होता, हे आम्ही नाकारत नाही.

पण पैशाचे काय करायचे हे कोण ठरवणार होते? संस्था नुकतीच निघाली होती तेव्हाच, १४ नोव्हेंबर १९३२ ला, तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून बाबासाहेबांनी ठक्करांना एक दीर्घ पत्र लिहिले. ते प्रत्येक कार्यकर्त्याने वाचले पाहिजे. त्यातला मुद्दा असा. अस्पृश्यांच्या उद्धाराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. एक म्हणते, माणूस दुःखी आहे तो त्याच्या दुर्गुणांमुळे. म्हणून त्याला दारूबंदी शिकवा, व्यायामशाळा काढा, वाचनालये काढा. दुसरी म्हणते, माणसाच्या दुःखाचे मूळ त्याच्या परिस्थितीत आहे. म्हणून परिस्थिती बदला. बाबासाहेब दुसऱ्या बाजूने होते. गावच्या विहिरीवर पाणी, शाळेत प्रवेश, चावडीवर वावर, सार्वजनिक वाहनात जागा, या नागरी हक्कांसाठी संघाने मोहीम काढावी. गिरण्यांच्या विणकाम खात्यासारख्या ठिकाणी अस्पृश्यांना मज्जाव आहे, तो मोडून समान संधीसाठी झगडावे. आणि हे काम करणारी माणसे अस्पृश्य समाजातूनच घ्यावीत, कारण ज्याला आपल्या माणसांविषयी जिव्हाळा आहे तोच खरी सेवा करील.

त्या पत्राची साधी पोचही त्यांना मिळाली नाही. पुढे ते आणि इतर अस्पृश्य सदस्य त्या मंडळातून बाहेर पडले. संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागा का नाही, असे विचारायला शिष्टमंडळ गेले तेव्हा गांधींचा युक्तिवाद असा होता की हा निधी म्हणजे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे. देणे ऋणकोने द्यायचे आहे, तेव्हा धनकोने कारभारात बसण्याचे कारण नाही. युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण जगात असा कोणता ऋणको आहे जो कर्ज किती फेडायचे, केव्हा फेडायचे, कोणत्या रूपात फेडायचे हे स्वतःच ठरवतो आणि वर धनकोला कृतज्ञ राहायला सांगतो? १९४५ साली ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात बाबासाहेबांनी या सगळ्या व्यवहाराची चिरफाड केली. संघाच्या मदतीने अस्पृश्यांमध्ये स्वाभिमानी कार्यकर्ता तयार होत नाही, काँग्रेसचा मिंधा तयार होतो, हा त्यांचा आरोप होता.

आता दोन्ही उदाहरणे समोरासमोर ठेवा. एकीकडे देशभर गाजलेले नाव, लाखोंचा निधी, बडे उद्योगपती, आणि कारभारात अस्पृश्य नाही. दुसरीकडे ठिगळांचे कपडे घातलेला परीट, आणि त्याने किल्ली सरळ अस्पृश्यांच्या नेत्याच्या संस्थेला दिली. दोघांनीही आपले व्यासपीठ वापरले. दोघांनीही पैसे जमवले. फरक कुठे पडला? शेवटी किल्ली कुणाच्या हातात गेली, तिथे पडला. गाडगेबाबांनी आपले नाव मागण्यासाठी खर्च केले, ताबा ठेवण्यासाठी वापरले नाही.

हक्काची लढाई आणि मदतीचा हात

काही मित्र दुसऱ्या टोकाला जातात. दानाने क्रांती होत नाही, तेव्हा मदतनिधी गोळा करणे हे सुधारणावाद्यांचे काम, असे ते म्हणतात. बाबासाहेबांचे आयुष्य याला दुजोरा देत नाही. १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह चालवले आणि त्याच सभेच्या माणसांनी १९२७ ला महाडचा संगर उभा केला. वसतिगृह आणि चवदार तळे ही दोन वेगळी राजकारणे नव्हती.

आणि हातात सत्तेचे व्यासपीठ आले तेव्हा त्यांनी काय केले? १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होताच त्यांनी लॉर्ड लिनलिथगोंना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले आणि शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून तरतूद मागितली. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती सुरू झाली. एका राजाच्या मर्जीने एका भीमरावाला मिळालेली मदत, तीस वर्षांनी त्याच भीमरावाने हजारो पोरांसाठी सरकारी योजनेत बदलली. दानाचे हक्कात रूपांतर करणे म्हणजे काय, याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

म्हणून आज शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने रखडते आणि आपण एखाद्या मुलाची फी वर्गणी काढून भरतो, तेव्हा काम अर्धेच झालेले असते. फी भरलीच पाहिजे. पोराचे वर्ष वाया जाता कामा नये. पण त्याच दिवशी शिष्यवृत्ती का रखडली हे विचारणारा अर्ज समाजकल्याण कार्यालयात पडला पाहिजे. नाहीतर सरकार जबाबदारी झटकत जाईल आणि आपण ती आनंदाने अंगावर घेत जाऊ.

आमच्या वस्तीत एका पुढाऱ्याने अभ्यासिकेला पुस्तके आणि कपाटे दिली होती. प्रत्येक पुस्तकावर त्याच्या नावाचा शिक्का, भिंतीवर त्याचा मोठा फलक. दोन वर्षांनी वस्तीने मोर्च्यात त्याच्या पक्षाविरुद्ध घोषणा दिल्या आणि आठवड्याच्या आत अभ्यासिकेला कुलूप लागले. स्पर्धा परीक्षेची पोरे पायऱ्यांवर बसून वाचत होती. नंतर वस्तीतल्या बायकांनी भिशीतून पैसे काढून भाड्याची खोली घेतली. तिथे फलक नाही. किल्ली तीन घरांत आहे. ती अभ्यासिका अजून चालू आहे.

तरुण मित्रांपुढे काही नियम

इतिहास सांगून थांबणे आम्हाला पटत नाही. ज्यांच्या शब्दाला वजन आले आहे अशा आपल्या कलावंत, वक्ते, लेखक मित्रांसाठी या इतिहासातून काही साधे नियम निघतात.

पहिला नियम : नाव मागण्यासाठी वापरा, ठेवण्यासाठी नको. आवाहन तुमच्या नावाने होऊ द्या, पैसा मात्र संस्थेच्या किंवा समितीच्या खात्यात जाऊ द्या. आणि समितीत ज्यांच्यासाठी पैसा आहे त्यांच्यातली माणसे असू द्या. विद्यार्थ्यांचा निधी असेल तर विद्यार्थी, बायकांचा असेल तर बाया.

दुसरा नियम : हिशेब वाचून दाखवा. तो विहारात, सर्वांसमोर, आकड्यांसह झाला पाहिजे. हिशेब मागणारा शत्रू नसतो. जमाखर्च न मागणारा समाज उद्या बुवा तयार करतो.

तिसरा नियम : घेणाऱ्याचा फोटो काढू नका. फीचा धनादेश हातात घेऊन मान खाली घातलेल्या पोराचे चित्र गावभर फिरवणे ही त्याची किंमत वसूल करणे आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये बाबासाहेबांनी दान पारमिता सांगितली आहे. परतफेडीची अपेक्षा न ठेवता दुसऱ्याच्या भल्यासाठी देणे, हा तिचा अर्थ. वाहवा ही सुद्धा परतफेडच आहे.

चौथा नियम : मागताना आधी आपल्या माणसांकडे मागा. १५ ऑक्टोबर १९५६ ला, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग द्यावा असे सांगितले. शंभरात पाच रुपये. समोरचा समाज मजुरांचा आणि शेतमजुरांचा होता, तरी त्यांनी ते सांगितले, कारण परक्याच्या पैशावर उभी राहिलेली चळवळ परक्याचीच होते हे त्यांनी पाहिले होते. आज आपल्यात नोकरदार आहेत, अधिकारी आहेत, परदेशात गेलेले अभियंते आहेत. विसाव्या भागाचा हिशेब प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

पाचवा नियम : मदतीबरोबर मागणी जोडा. ज्या कारणाने मदत लागली ते कारण लिहून काढा, कोणत्या कार्यालयाची जबाबदारी आहे ते शोधा आणि तिथे जा.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर गाडगेबाबा गेले. एकाने धम्म दिला, दुसरा शेवटपर्यंत विठ्ठलाचे नाव घेत राहिला. दोघांचे मार्ग वेगळे होते आणि ते एक करून दाखवण्याचा खटाटोप आम्ही करणार नाही. पण पंढरपूरच्या त्या एका इमारतीपाशी दोघांचा हिशेब जुळला. लोकांकडून जे घेतले ते लोकांच्या पोरांना परत गेले पाहिजे, यावर दोघांचे दुमत नव्हते.

तेव्हा येत्या २३ फेब्रुवारीला कुणी तुमच्या हातात झाडू दिला तर जरूर घ्या आणि रस्ता झाडा. झाडून झाले की त्याच जागी उभे राहून विचारा : आपल्या तालुक्यातले मागासवर्गीय मुलांचे वसतिगृह कोणत्या अवस्थेत आहे? तिथे पाणी आहे का? किती मुलांना प्रवेश नाकारला? आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे?

जय भीम! जय जोती!